लाल बिनमधला अकरावा माणूस

कुरुळी, ६ जानेवारी २०२५

नेहा, जय भीम.

व्हॉट्सॲप सोडून कागदावर का लिहितोय असं तुला वाटेल. तिथं मी रागानं चार ओळी लिहिल्या की तू "ओके काका, काळजी घ्या" म्हणतेस आणि हात जोडलेलं चित्र पाठवतेस. माझा राग त्या चित्रात मावत नाही. बोलून दाखवावं तर नोव्हेंबरात गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तेव्हापासून तुझा काका मुका आहे. तीस वर्षं कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या खडखडाटातून ज्याचा आवाज गेटपर्यंत जायचा, तो आता चहात साखर कमी आहे हे तुझ्या प्रभावती काकीला पाटीवर लिहून दाखवतो.

परवा हायवेवरच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेलो होतो. स्वरयंत्र काढून टाकायचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज कायमचा जाणार होता पण माणूस राहणार होता, म्हणून मी हो म्हटलं होतं. डॉक्टर उत्कर्षा ऑपरेशन करणार होत्या. बाई चांगल्या आहेत, पण त्या दिवशी माझ्याकडे बघून बोलेनात. म्हणाल्या, "काका, आमच्या डॉक्टरांच्या बोर्डानं ऑपरेशन नको म्हटलंय. तुमचा सीटी स्कॅन सॉफ्टवेअरनं वाचला. दोन वर्षं निघण्याची शक्यता शंभरात एकोणीस येते. एवढे हाल कशाला करून घेता? आपण दुखणं कमी ठेवू."

मी पाटीवर लिहिलं, "नंतर मन बदललं तर?"

"फेब्रुवारी संपेपर्यंतच. पुढे गाठ रक्तवाहिनीला चिकटली की मलाही हात लावता येणार नाही."

त्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं नाव होतं, पत्ता तळवडे. तुझी कंपनी. तुला तिथं नोकरी लागली तेव्हा कुरुळीत पेढे मीच वाटले होते, घरोघरी जाऊन.

एवढंच सांग, मला एकोणीस कोणी मोजलं?

नवनाथ तळवड्याची स्टाफबस चालवतो, त्याच्या हाती हे पाठवतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

ज्ञानदेव


तळवडे, ९ जानेवारी

काका, जय भीम.

पत्र जेवायच्या सुट्टीत मिळालं. डबा तसाच राहिला.

तुमचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या दारात आलाय. आमचं सॉफ्टवेअर कुणाला ऑपरेशन नाकारत नाही. चार दवाखान्यांतल्या घशाच्या कॅन्सरच्या अकराशे रुग्णांचे जुने स्कॅन आम्ही त्याला दाखवले. त्यातले कोण जगले, कोण गेले तेही सांगितलं. त्यावरून ते शिकलं. गाठीचा आकार, तिची कड, आतला करडा रंग कुठे दाट कुठे विरळ, डॉक्टरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या शेकडो गोष्टी ते मोजतं. मी दीड वर्ष त्या गाठींभोवती माऊसनं रेघा ओढल्यात, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. यात कुणाचा पक्षपात नाही. उलट पूर्वी ओळखीपाळखीनं ऑपरेशनचे नंबर लागायचे, ते बंद झालं.

काका, तुम्ही मला लहानपणी हिशेबानं वागायला शिकवलंत. आकड्याशी भांडून काय मिळणार? भांडण्यात दिवस घालवण्यापेक्षा काकीला घेऊन कार्ल्याची लेणी बघून या. तिची किती वर्षांची इच्छा आहे. गाडी मी करून देते.

वाईट वाटून घेऊ नका.

तुमची नेहा


कुरुळी, १३ जानेवारी

नेहा,

जय भीम आज सगळ्यात शेवटी लिहीन. आधी ऐक.

मला लेणी बघायला पाठवतेस? तिकीट काढून दिलंस की झालं तुझं काम? प्रभावतीनं ते वाक्य वाचलं आणि उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी परत घासत बसली. पुन्हा असलं काही लिहिलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन.

तू गाठी मोजतेस ना, मीही जन्मभर मोजणीच केली. लोखंड मोजलं. नवीन इन्स्पेक्टर होतो तेव्हा एकदा अख्ख्या शिफ्टचा माल मी लाल बिनमध्ये टाकला. लाल बिन म्हणजे भंगार. चारशे ब्रॅकेट. छाती फुगवून साहेबाला सांगितलं, लाइनवर कोणी धड काम करत नाही. दुपारी कळलं, मापायचं गेजच कुणाच्या तरी हातून पडून वाकलं होतं. माल चोख होता. त्या दिवशी मला सगळ्यांसमोर जे ऐकावं लागलं ते मी निवृत्त होईपर्यंत विसरलो नाही. तेव्हापासून रोज शिफ्ट सुरू करताना आधी गेज मास्टर पीसवर लावून बघायचो. ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे, तो मास्टर पीस. त्यावर गेज चुकलं तर गेज बाजूला, मालाला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट. जो पीस मापायचा राहिला, तो लालमध्ये जात नाही. त्याला पिवळा टॅग बांधतात. होल्ड. म्हणजे ह्याचं काय ते अजून आम्हाला माहीत नाही. मोजला नाही म्हणून कोणी त्याला भंगार म्हटलं असतं, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

तर दोन प्रश्न. तुमचं गेज तुम्ही शेवटचं कधी तपासलंत? आणि अकराशेतला कोण मेला हे तुम्हाला सांगितलं कोणी?

उत्तर नसेल तर नाही म्हण. मला गोड बोलू नकोस. गोड बोलणारे दवाखान्यात पुष्कळ आहेत.

जय भीम.

ज्ञानदेव


तळवडे, २२ जानेवारी

काका,

नऊ दिवस लिहिलं नाही. पहिले चार दिवस मी तुमच्यावर चिडले होते. पुढचे पाच दिवस काय झालं ते सांगते. हे फोनवर लिहिण्यासारखं नाही, कागदच बरा.

तुमचा पहिला प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता आणि कुणीच विचारला नव्हता. आमच्याकडे नऊ रुग्ण असे सापडले ज्यांचा स्कॅन एकाच आठवड्यात दोनदा झाला. एकदा पिंपरीतल्या जुन्या मशीनवर, एकदा हॉस्पिटलच्या नव्या मशीनवर. गळा तोच, गाठ तीच. मी दोन्ही स्कॅन सॉफ्टवेअरला दिले. एकाला जुन्यावर तेवीस आले, नव्यावर अठ्ठावन्न. दुसऱ्याला सतरा आणि एकोणपन्नास. नऊच्या नऊ जणांचं तसंच. काका, ते गाठ बघतच नाही. जुन्या मशीनचे स्कॅन थोडे जाडेभरडे येतात, ते तेवढंच ओळखतं. ओळखलं की माणूस जाणार म्हणून सांगतं. तुमचाही स्कॅन तिथलाच.

असं का, ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. जुन्या मशीनवर बहुतेक चाकण पट्ट्यातले कामगार येतात. उपचार झाले की ते परत तपासणीला येत नाहीत. आम्ही नियम केला होता, लागोपाठ तीन तपासण्या चुकल्या, दोनदा फोन लागला नाही, तर शेरा "गेला" असा लिहायचा. टीमचा नियम होता. मोकळी जागा ठेवली तर ती ओळच वाया जायची.

असे एकशे सत्त्याहत्तर आहेत. मी प्रज्वल सरांना, आमच्या टीमच्या साहेबांना, सांगितलं. ते म्हणाले, "ते खरंच गेले नसतील हे तू सिद्ध कशानं करणार?"

सोबत तुमच्या भागातल्या अकरा जणांची यादी ठेवतेय. नावं आमच्याकडेही नसतात. फक्त वय, गाव, काम, वर्ष. हे बाहेर देणं गुन्हा आहे, नोकरी जाईल, तरी देतेय. अकरावा तर तुमच्याच खात्यातला दिसतो, पुरुष, त्रेपन्न, कुरुळी, प्रेस शॉप, इन्स्पेक्टर, २०१९. त्याला तुम्ही ओळखत असाल.

नेहा


कुरुळी, ५ फेब्रुवारी

नेहा, जय भीम.

दोन आठवडे स्कूटर आणि पाटी घेऊन फिरलो. गळ्यात नळी, वर मफलर, आणि हातातल्या पाटीवर "तुम्हाला घशाचा कॅन्सर झाला होता का?" लोक मला वर्गणी मागणारा समजले. एका घरात तर दोन रुपये आणि भाकरी दिली. भाकरी खाल्ली, मला आता भिजवून जमते.

पहिला सापडला तो किसन, इथलाच, पिठाची गिरणी चालवतो. इतकी वर्षं त्याच्याकडून दळण आणतो आणि मला पत्ता नव्हता. पाटीवर लिहिलं की कंपनीच्या कागदावर तू पाच वर्षांपूर्वी मेलास. गिरणी बंद करून खोबरं किसल्यासारख्या करकरत्या आवाजात म्हणाला, "आरं, मी मेलो आन् मलाच सांगितलं न्हाई व्हय? तपासणीला कवा जानार? मंगळवारी बोलावत्यात, आन् मंगळवारीच समद्या गावाचं दळान आस्तंय."

एक जण कंत्राट संपलं म्हणून तळवड्याला दुसऱ्या कारखान्यात लागला. एका बाईनं सिम बदललं. एक जण जालन्याला गावी गेला, त्याच्या भावानं व्हिडिओ कॉल लावून दिला. तो तिकडून शिव्या देत होता, चांगल्या खणखणीत. असे सात जण जिवंत. दोघं खरंच गेले, त्यांच्या घरी बसून आलो. एक सापडला नाही. त्याच्या ओळीवर मी पिवळ्या पेन्सिलनं खूण केलीय.

दहा झाले. अकराव्यासाठी घराबाहेर जावं लागलं नाही.

तो मीच आहे, नेहा. २०१९ साली मी लातूरला घर बांधायला म्हणून साडेसहा आठवड्यांची रजा टाकली होती, आठवतं? घर कुठलं आणि काय! दुसऱ्या दवाखान्यात रोज शेक घेत होतो, रेडिएशनचा. प्रभावतीला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही. डॉक्टर उत्कर्षांना आता सांगितलं. तेव्हा कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं आणि आजारी माणसाचं नाव यादीत सगळ्यात वर जायचं. दोनदा तपासणीला गेलो. पुढची पहिल्या शिफ्टला आली, नाही गेलो. जुना नंबर बंद केला, कारण दवाखान्याचा फोन लाइनवर असताना यायचा आणि मला भीती वाटायची. माझी चूक मी लपवत नाही. वेळेवर गेलो असतो तर कदाचित ही नळी नसती.

पण मी भित्रा होतो. मेलेला नव्हतो. तुमच्या सॉफ्टवेअरला मी मेलोय हे शिकवलं, आणि मग त्यालाच विचारलं की ज्ञानदेव जगेल का!

त्या ओळीसमोर "गेला" कोणी लिहिलं? "टीम" म्हणू नकोस. टीमला हात नसतात.

ज्ञानदेव


तळवडे, ७ फेब्रुवारी

काका,

मी लिहिलं.

नोंद करणाऱ्याचा नंबर प्रत्येक ओळीत असतो. पत्र वाचल्यावर उघडून बघितला, माझाच. १८ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. त्या दिवशी मी दोनशे चाळीस ओळी संपवल्या म्हणून मला सगळ्यांपुढे शाबासकी मिळाली होती. तुमच्या ओळीवर मला सहा सेकंद लागले, तेही त्यात दिसतं. आणि तो नियमही मीच सुचवला होता. "टीमचा नियम" असं लिहून मी तुमच्याशी खोटं बोलले. आकड्याशी भांडू नका म्हणाले, लेणी बघायला जा म्हणाले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आता एक महत्त्वाचं, आणि कृपा करून ऐका. तुम्ही शोधलेले सात जण मी प्रज्वल सरांपुढे ठेवले. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, काकांचा स्कॅन नव्या मशीनवर करून घेऊ, मी हॉस्पिटलशी बोलतो. आकडा पन्नासच्या वर येईल, बोर्ड ऑपरेशनला हो म्हणेल. अट एवढीच की यादी परत द्यायची आणि हे कुणापुढे काढायचं नाही. पुढच्या महिन्यात कंपनीचा दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलांशी करार होतोय.

मला माहीत आहे हे कसं वाटेल. पण फेब्रुवारीचे एकवीस दिवस राहिलेत. सोमवारी सकाळी दहाला स्कॅनची वेळ ठरलीय. हो म्हणा, काका. बाकीच्यांचं मी नंतर बघीन. शपथेवर सांगते.

नेहा


कुरुळी, १२ फेब्रुवारी

नेहा, जय भीम.

खोटं कशाला बोलू, शनिवार-रविवार मी "हो" लिहिलेली चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो. जगायचं मलाही आहे. सोमवारी साडेनऊलाच हॉस्पिटलात जाऊन बसलो.

शेजारी एक बाई बसली होती. चाळिशीची, नवरा सोबत, त्याच्या अंगावर अजून कंपनीचा शर्ट. बाईच्या मांडीवर पिंपरीच्या त्याच सेंटरची निळी पिशवी. नवरा मला म्हणाला, "दादा, बोर्डाचा निकाल आज आहे. वीसच्या आत आला तर घरी न्या म्हणतात." मी पाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. नवा स्कॅन मला मिळणार होता आणि तिला मिळणार नव्हता, कारण तिची कोणी पुतणीबितणी तळवड्याला नव्हती. तू लिहिलं होतंस ना, ओळखीपाळखीचं बंद झालं म्हणून? माझं डोकं असं भणकलं की नळीतून शिट्टी वाजायला लागली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि सरळ बाहेर पडलो. चिठ्ठी फाडली.

काल मंगळवार. किसननं गिरणीला कुलूप लावलं आणि दारावर खडूनं लिहिलं, "दळण उद्या." सहा जण आणि मी, नवनाथनं सुट्टी टाकून गाडी चालवली. जालन्याचा फोनवर होता. आमच्या खात्यातले जुने पिवळे टॅग माझ्याकडे एक गड्डी होती. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक बांधला, त्यावर तुझ्या यादीतला नंबर आणि शेरा, "गेला". डॉक्टर उत्कर्षांच्या दारासमोरच्या बाकावर ओळीनं बसलो.

शिपाई उठवायला आला. किसन म्हणाला, "मेलेल्या मान्सांना कुठं हालवतोस रं?"

बाई बाहेर आल्या. मी पाटी वर धरली, "तुमचा एकोणीस ज्या मेलेल्यांवरून आला, त्यातले हे." त्यांनी एकेकाचा टॅग वाचला. मग किसनच्या मानेवरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली, तोंड उघडून बॅटरीनं आत बघितलं. सगळ्यांचं तसंच, अर्धा तास. माझ्यासमोर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, "काका, मी आकडा वाचला आणि तुमची मान परत तपासलीच नाही. मला तपासायला हवी होती." पुढे म्हणाल्या, "हे टॅग मला द्या. बोर्डाला कागद नाही, हे दाखवते." मी नकार दिला. टॅग देतो, पाटीवर लिहिलं, पण त्याबरोबर माणसंही आत येतील.

आली. पाचही डॉक्टरांपुढे सातजण उभे राहिले.

बोर्डानं ठरवलं, पिंपरीच्या मशीनवरचे सगळे आकडे आजपासून बाद. नाकारलेल्या चौदा जणांना परत बोलावणार. निळ्या पिशवीची बाई त्यात आहे. माझं ऑपरेशन पंचवीसला.

जेवढं होतं तेवढं सांगितलं. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

ज्ञानदेव


तळवडे, १९ फेब्रुवारी

काका, जय भीम.

जाऊही नये.

कंपनीनं हॉस्पिटलला लिहिलंय की सॉफ्टवेअर बरोबरच आहे, तुम्ही ते चुकीचं वापरलंत. आणि मला लिहिलंय की गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून उद्यापासून येऊ नका. प्रज्वल सर लिफ्टपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तू हुशार होतीस." मी त्यांना विचारलं, "सर, एकशे सत्त्याहत्तर ओळी दुरुस्त करणार का?" लिफ्टचं दार बंद झालं.

एकशे सत्त्याहत्तरातून दहांचा तुम्ही पत्ता लावलात, तुमच्या पिवळ्या खुणेचा धरून राहिले एकशे सदुसष्ट. डॉक्टर उत्कर्षांनी हॉस्पिटलतर्फे तपासणीचं काम मला दिलंय, यादीही आता त्यांच्या सहीनं मिळाली, चोरून नाही. कालपासून फिरतेय. चिखलीत एक, मोशीत दोन सापडले. फोनवर नाही, दारात उभी राहून. मोशीच्या आजी मला म्हणाल्या, "एवढ्या लांब फक्त जिती हाय का बघाया आलीस?" मी तिथंच रडले.

माझ्या सहा सेकंदांना आता एकेक दिवस लागतोय. लागू दे.

पंचवीसला मी येतेच आहे. तुम्ही नको म्हणालात तरी.

नेहा


कुरुळी, २४ फेब्रुवारी

नेहा, जय भीम.

उद्या ऑपरेशन. डॉक्टर उत्कर्षांना विचारलं, आता आकडा किती? म्हणाल्या, "सांगू?" मी पाटीवर मोठं "नको" लिहिलं. गाठ रक्तवाहिनीच्या अगदी जवळ आलीय एवढं कळलं. ते दीड महिने कुणी खाल्ले ते त्यांना माहीत आहे, तुलाही, मलाही. २०१९ ते आजपर्यंतची वर्षं मी स्वतः खाल्ली. सगळ्यांवरचा राग सारखा वाटून टाकावा म्हणतो, तर माझ्या वाट्याला जास्त येतो.

तू ये. प्रभावतीजवळ बस. तिला लेण्यांचं काही बोलू नकोस, ऑपरेशननंतर मीच नेणार आहे.

एक काम तुझ्यावर टाकतो. तीन महिन्यांनी माझी तपासणी आहे. जाईनच, पण मी कसा आहे हे तुला ठाऊक आहे. समजा नाही गेलो, फोनही लागला नाही, तर शेरा लिहू नकोस. पिवळ्यात ठेव आणि कुरुळीला ये. दार वाजव. मला आतून "कोण आहे" म्हणता येणार नाही, म्हणून घरात कोणी नाही असं समजून परत फिरू नकोस.

पुन्हा वाजव.

ज्ञानदेव